अमात्याने उंबरा सोडला

पूर्वी भद्रवती नगरात अरिंदम राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व एका अमात्यकुळात जन्मला होता. त्याचे नाव श्रुतसेन. न्यायसभेत त्याचे मत घेतल्यावाचून राजा निवाडा देत नसे.

एके वर्षी नदीने पात्र बदलले आणि काठची कितीतरी गावे वाहून गेली. निराधार झालेली माणसे नगराच्या आश्रयाला आली. नगरात रिकाम्या घरांना तोटा नव्हता. पण श्रीमंत श्रेष्ठींनी भाव चढण्याची वाट पाहत त्यांना कुलपे घालून ठेवली होती. माणसे नगराच्या तटभिंतीबाहेर उघड्यावर राहू लागली. त्यातच नगराचा जुना नियम असा होता की, ज्याला उंबरा नाही त्याचा शब्द न्यायसभेने ऐकायचा नाही.

तटाबाहेर वासुला नावाची एक कोष्टीण राहत होती. हिवाळ्यात तिची तान्ही मुलगी गारठून दगावली. वासुला न्यायसभेत दाद मागायला आली, तेव्हा द्वारपालाने तिला तिचे घर कोणते ते विचारले. तिला सांगता येईना. तिला दारातूनच परत पाठवले. श्रुतसेन हे आपल्या आसनावरून पाहत होता. झाले ते नियमाप्रमाणे झाले, म्हणून तो गप्प राहिला. त्या दिवशी त्याला अन्न गोड लागले नाही.

दुसऱ्या सकाळी तो तिला शोधत तटाबाहेर गेला. वासुला म्हणाली, "मला भीक नको, अमात्य. माझ्या हातात विद्या आहे. पण माग मांडायला चार भिंती लागतात. लेकरू निजवायलाही लागत होत्या."

श्रुतसेनाने घरी येऊन हे सारे पत्नी चंदनेला सांगितले. तिने आपणहून भांडी बांधायला घेतली. आपले घर त्यांनी तीन बेघर कुटुंबांच्या नावे करून दिले आणि दोघे तटाबाहेर राहायला गेली.

पुढच्या सभेत राजाने एका तंट्यावर श्रुतसेनाचे मत विचारले. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, मला आता उंबरा नाही. माझा शब्द आपल्याला ऐकता येणार नाही."

राजाला आधी ती थट्टा वाटली. खरे काय ते कळल्यावर तो म्हणाला, "घर सोडल्याने तुझे शहाणपण कुठे गेले?"

"वासुला दारात उभी होती तेव्हा हे कोणी विचारले नाही, महाराज. मीही नाही."

राजाने वासुलेला बोलावून घेतले. तिने थोडक्याच शब्दांत सांगितले. ते ऐकून राजा म्हणाला, "जो माझ्या राज्यात राहतो त्याला निवारा मिळणे हे माझे दान नव्हे, तो त्याचा अधिकार आहे."

जुना नियम त्याच दिवशी रद्द झाला. बंद घरांची कुलपे निघाली. काही श्रेष्ठी रागाने नगर सोडून गेले. घरे पुरली नाहीत, तेव्हा राजाने आपल्या नव्या क्रीडागृहासाठी आणलेले लाकूड दिले. वासुलेला घर मिळाले, तिचा माग सुरू झाला. गेलेली मुलगी मात्र गेली. तटाबाहेरचे शेवटचे कुटुंब छपराखाली गेल्यावरच श्रुतसेन आणि चंदना एका लहानशा घरात राहायला आली. हे सारे व्हायला दोन हिवाळे लागले.

एवढी कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षुसंघाला म्हणाले, "तेव्हाचा अरिंदम म्हणजे हा ज्येष्ठ भिक्षू, थेर उत्तिय. वासुला आज भिक्षुणी सुमेघा झाली आहे आणि चंदना म्हणजे आपल्याला हा विहार देणारी उपासिका कालिका. श्रुतसेन मीच होतो. दुसऱ्याच्या दुःखाची कीव करणे सोपे असते. त्याच्या जागी जाऊन राहणे, ही त्यागाची पारमिता, त्याची परिपूर्णता."