किडक्या पायरीची कहाणी

ऐका घरदेवते, तुमची कहाणी. आटपाट गाव होतं, गावाला नदीचं कुंपण होतं, घराघरावर तांबडी कौलं होती. तिथं रावजी नावाचा गृहस्थ राही. त्याच्या घरी वाडवडिलांपासून एक वसा होता. वैशाखात घर शाकारावं, कौलं काढून फिरून नीट बसवावी. कुणी छपरावर चढण्याआधी शिडीला हळदकुंकू लावावं, पायरी न् पायरी हातानं चाचपावी, आणि तो उतरेतो मालकानं शिडीचा पाय सोडू नये.

एके वर्षी शाकारायला गडी मिळेना. मग रावजीनं आपल्या बाळपणच्या सोबत्याला, धाकूला हाक मारली. “येतोस का? न्याहारी घालीन, सूपभर तांदूळ देईन.” धाकू म्हणाला, “तांदूळ राहू दे रे. वहिनीला म्हणावं, फणसाची भाजी कर.”

बायको म्हणाली, “अहो, शिडीला कुंकू लावायचंय.” रावजी म्हणाला, “हा काय परका आहे? मैतराला कसली शिडी धरायची!” वरची एक पायरी किडली होती. रावजीला ठाऊक होतं. सांगावं असं मनात होतं, पण थट्टामस्करीत राहून गेलं. मग तो ओटीवर पान लावीत बसला.

चढताना पायरी करकरली, उतरताना मोडली. धाकू अंगणात पडला, मांडीचं हाड मोडलं.

लोक म्हणाले, “मैतरकीतलं काम, व्हायचंच असं.” रावजीही म्हणाला, “मी का ढकललं त्याला?” मग घर रुसलं. चुलीत जाळ धरेना, देव्हाऱ्यात दिवा टिकेना, अंथरुणावर डोळा लागेना.

मग रावजी नारळ घेऊन धाकूच्या घरी गेला. धाकूची बायको पारू म्हणाली, “भावजी, नारळ फोडणारा आडवा पडलाय.” मग तो वैद्याला घेऊन गेला. वैद्यानं पाय फळ्यांत बांधला. पारू म्हणाली, “हाड जुळेल हो. पेरणी कोण करील?” रावजी खाली मान घालून परतला.

वाटेत एक म्हातारी भेटली. म्हणाली, “बाबा, पाऊस आला तर तुझं घर गळेल का?”

“नाही गळायचं, आजी. धाकूनं शाकारलंय.”

“आणि धाकूचं?”

रावजी वर पाहतो तो म्हातारी नाही. तसाच मागं फिरला, धाकूच्या खाटेपाशी खाली बसला. म्हणाला, “धाकू, पायरी किडकी होती. मला ठाऊक होतं.”

धाकूनं कोपर टेकून मान उचलली. मग म्हणाला, “लेका, सांगितलं असतंस तर ओलांडून उतरलो असतो. एवढंच ना?”

“एवढंच रे.”

मग रावजीनं पाऊस यायच्या आत धाकूच्या घरी शिडी लावली, हळदकुंकू वाहिलं, पायऱ्या चाचपल्या. धाकू म्हणाला, “पारू, माझी खाट अंगणात घे.” खाटेवरूनच त्यानं शिडीचा पाय धरला.

“चढ आता.”

“सोडशील तर?”

“ते तुझ्या घरी. माझ्या घरी धरतात.”

रावजी रडत चढला, हसत उतरला. त्या दिवशी त्याच्या घरी दिवा टिकला. पाऊस पडल्यावर त्यानं आधी धाकूचं शेत पेरलं, मग आपलं. धाकू पुढं हिंडूफिरू लागला, पाय मात्र लंगडा तो लंगडाच राहिला. रावजी जन्मभर त्याच्या चालीनं चालला.

घरदेवता रावजीला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. आपल्या घरासाठी जो चढला, तो धड पायांनी उतरो. ही साठा बोलांची कहाणी पाचा बोलांत सांगितली, तुमच्याआमच्या दारी सुफळ होवो.