भरायला किती लागलं?

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलायचे आणि माणसं ऐकायची नाहीत. पुढे बैलांनी कंटाळून बोलणं सोडून दिलं. माणसांनी मात्र आपली सवय सोडली नाही.

त्या काळी नदीकाठच्या एका गावात जिवाजी नावाचा गाडीवान राहत होता. नाव जिवाजी, पण जीव कायम टांगणीला. तोही कशापायी, तर गाडीमागे लोंबणाऱ्या एका गोणीपायी. त्या गोणीत बैलांची चंदी असायची, म्हणजे पेंड आणि हुलग्याचा भरडा. गोणी गच्च भरलेली असली, की जिवाजी राजा. मग बैलांना उगाच पळवायचा, वाटेत भेटेल त्याला गाडीत घ्यायचा, वर गाणंही म्हणायचा. पण गोणी अर्ध्यावर आली, की त्याच्या छातीत धडधड सुरू व्हायची. दर वळणावर मान वळवून तो मागे बघायचा. बघितल्यानं गोणी भरत नाही, हे त्याला कोण सांगणार?

तसं पाहिलं तर त्या मुलखातले सगळेच गाडीवान थोडेफार असेच होते. दोन गाड्या समोरासमोर आल्या, की रामराम होताच पहिला प्रश्न यायचा, "काय पाव्हणं, भरायला किती लागलं?" म्हणजे गोणीभर चंदीला किती जोंधळा मोजला. ज्यानं कमी मोजला तो मिशीला पीळ द्यायचा. ज्यानं जास्त मोजला तो दिवसभर हळहळायचा. कुठून आलास, कुठं चाललास, बैल दमले का, हे विचारायची पद्धतच नव्हती.

जिवाजीची एकुलती एक लेक सगुणा खिंडीपलीकडच्या गावात दिलेली होती. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सातवा लागला तशी जिवाजीची बायको कोंडाबाई त्याच्या मागे लागली.

"अवो, पोरीला आणायला जा की."

"जातो गं. पण चंदी बघ केवढी महाग झालीय! सुगी झाली की उतरेल, मग जातो."

सुगी झाली. चंदी उतरली, पण जिवाजीच्या मनासारखी उतरली नाही. अजून उतरेल, अजून थोडी उतरेल, असं करता करता आठवा सरला. एक दिवस कोंडाबाईनं भाकरी थापता थापता हात थांबवला.

"चंदी उतरायची वाट बघताय तुम्ही. पोरीचे दिवस तुमच्या बाजारासाठी थांबणार हायेत व्हय?"

हे बोलणं जिवाजीच्या काळजाला लागलं. लेकीवर त्याचा जीव होता, याबद्दल कुणी शंका घेऊ नये. लहानपणी तिला ताप आला, तेव्हा हाच माणूस तिला खांद्यावर घेऊन अख्खी रात्र अंगणात फिरला होता. पण गोणी भरायच्या नादात लेकीचे दिवस भरत आले, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आता आलं.

त्यानं लगेच सारंग्या आणि नंद्या ही बैलजोडी गाडीला जुंपली. गाडी हलली तशी चाकं कुरकुरायला लागली. कोंडाबाई दारातून ओरडली, "अवो, आखाला वंगण तरी घाला! शेजारचं पोर दचकून उठतंय."

"वंगणाला एरंडेल लागतं. ते काय फुकट येतं? चाक ओरडतं, पण खायला तर मागत नाही ना?" असं म्हणून जिवाजी निघाला.

लेकीच्या गावाला दोन वाटा होत्या. एक खिंडीतली, सरळ. सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोचायचा. पण तिथं चंदी मिळायची एकाच ठिकाणी, खिंडीतल्या वडाखाली आवडाई नावाच्या म्हातारीकडे, आणि तिच्या गोणीला ओंजळभर जोंधळा जास्त पडायचा. दुसरी वाट नदीच्या कडेकडेनं वेडीवाकडी जाणारी. मध्ये एक मुक्काम करावा लागायचा, पण वाटेवरच्या गावांत चंदी स्वस्त. जिवाजी नदीच्या वाटेनंच गेला. स्वस्तात गोणी भरली, तेव्हा त्याला वाटलं आपण जग जिंकलं. पुढच्या गावात पुन्हा भरली, तेव्हा पुन्हा जिंकलं. एकच गोणी पुरली असती तिथं आपण दोन भरल्या, हे मात्र त्याच्या मनाला शिवलंच नाही.

सगुणाचं घर आलं. लेक दाराशी उभी होती, चेहरा सुकलेला, पोट खाली उतरलेलं. तिची सासू जिवाजीला म्हणाली, "व्याही, लई उशीर केलात. पाठवायला माझं मन धजत नाही. पण पोरीनं आईचा ध्यास घेतलाय. जाताना खिंडीतून सरळ न्या. नदीची वाट नको."

"खिंडीतूनच नेतो," जिवाजी म्हणाला, आणि तेव्हा तो मनापासूनच म्हणाला.

पण पुढे जिथं वाटा फुटतात तिथं समोरून एक गाडीवान आला. रामराम झाला आणि पाठोपाठ तोच प्रश्न. त्यानंच मग सांगितलं, "खिंडीत नका जाऊ पाव्हणं. म्हातारीनं ओंजळीची दीड ओंजळ केलीय."

जिवाजीनं गाडी थांबवली. एका बाजूला खिंड दिसत होती, दुसऱ्या बाजूला नदी. त्यानं मागे वळून गोणीकडे बघितलं. गोणीच्या अलीकडे गवताच्या गादीवर सगुणा बसली होती. पण नजर आधी गोणीवर गेली, ती तिथंच राहिली.

"आबा, खिंडीतूनच जाऊ ना. मला बरं वाटत नाही," सगुणा म्हणाली.

"अगं, नदीची वाट सपाट आहे. तुला धक्के बसायचे नाहीत," तो म्हणाला. माणसाला स्वतःची हौस दुसऱ्याच्या सोयीत गुंडाळायला कितीसा वेळ लागतो!

"हा पुन्हा नदीकडे वळला," नंद्या सारंग्याला म्हणाला. "ओंजळभर वाचवायला आपल्याला गोणीभर चालवतोय."

"आणि ते चाक," सारंग्या म्हणाला. "मला गाडीचं ओझं वाटत नाही रे. चाकाचं वाटतं."

जिवाजीला वाटलं, बैल भुकेनं हंबरताहेत. त्यानं घाबरून पुन्हा गोणी बघितली.

पहिल्या गावात त्यानं अर्धीच गोणी भरून घेतली. अर्धी भरली, की मोजताना हात हलका होतो आणि मनालाही हलकं वाटतं. शिवाय पुढच्या गावात आणखी स्वस्त मिळणार होती. मुक्काम झाला. सगुणाला नीट झोप लागली नाही. सकाळी निघाले तर तिचा हात सारखा कंबरेवर होता. जिवाजी बैलांना हाकत होता, थोडं पळवत होता, मग चंदी जास्त लागेल या धास्तीनं आवरत होता, मग उशीर होईल म्हणून पुन्हा पळवत होता. अशा ओढाताणीत बैलांच्या तोंडाला फेस आला.

दुपारी स्वस्त चंदीचं गाव आलं. वेशीबाहेर गाड्यांची ही रांग! जिवाजीसारखीच अक्कल सगळ्या मुलखाला सुचली होती. रांगेत उभं राहून त्याची पाळी आली, तेव्हा दुकानदारानं रिकामी टोपली उलटी करून दाखवली.

"संपली, दादा. आता परवा."

जिवाजीनं गोणीत हात घातला. तळाला मूठभर भुसा उरला होता. आणि नेमकं तेव्हाच सगुणा कळवळून म्हणाली, "आबा, आई गं... आबा, आता सोसवत नाही."

काय करावं? कोणी बाई आहे का, म्हणून तो गावात धावला. सुईण शेजारच्या गावी गेलेली. कुणीतरी म्हणालं, "आडवाटेनं वर चढा. खिंडीतली आवडाई बाळंतपणं करते. तिच्या हाताला यश आहे."

ज्या म्हातारीला टाळण्यासाठी त्यानं एवढी वाट वाकडी केली होती, तिच्याच दारात आता जायचं होतं. त्यानं गाडी चढणीला लावली. चाकं किंचाळत होती, पोरगी कण्हत होती आणि बैलांच्या पोटात काही नव्हतं. जिवाजीचे ओठ वाळले. तो देवाला हाका मारत होता, बैलांना शिव्या देत होता आणि मधेच रडत होता. आज मात्र गोणीकडे त्यानं एकदाही बघितलं नाही.

वड दिसू लागला आणि सारंग्या पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर कोसळला.

"ऊठ रे राजा, ऊठ," जिवाजी त्याच्या गळ्यात पडून म्हणाला. सारंग्यानं मान उचलली. त्याला उठायचं होतं. पण गुडघ्यांनी ऐकलं नाही.

तेवढ्यात वरून काठी टेकत आवडाई आली, बरोबर दोन बायका. "चाकाचा आवाज मघापासून ऐकतेय. एकाएकी थांबला, तेव्हा म्हटलं कुणीतरी पडलं," ती म्हणाली. मग तिनं गाडीत डोकावून बघितलं आणि पदर खोचला. बायकांनी सगुणाला उचलून वडाखालच्या चंदीच्या छपरात नेलं.

जिवाजी बाहेर सारंग्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. आतून सगुणाचं ओरडणं यायचं, मग सगळं शांत व्हायचं. शांत झालं की त्याला जास्त भीती वाटायची. ऊन उतरलं, पाखरं वडावर परतली. शेवटी आतून एक बारीकसं रडणं ऐकू आलं आणि जिवाजीनं बैलाच्या मानेत तोंड खुपसलं.

आवडाई हात पुसत बाहेर आली. "नातू झाला. लेक वाचली, पण थोडक्यात. फार दमलीय. कुठून आलास?"

जिवाजीनं सगळी वाट सांगितली. आपण फसलो नाही, हे सांगायची सवय जात नाही, म्हणून शेवटी म्हणाला, "पण आजी, नदीकडं चंदी स्वस्त पडते. भरायला तिथं तुझ्यापेक्षा..."

म्हातारीनं हात वर करून त्याला थांबवलं.

"भरायला किती लागलं, ते नको सांगूस. पोचायला किती लागलं, ते सांग."

जिवाजी मनातल्या मनात दिवस मोजू लागला. पोचायला? आणि मुळात तो पोचलाच कुठं होता?

"तुझे बैल काही खादाड नाहीत, लेकरा," आवडाई म्हणाली. "निम्मी चंदी तुझं चाक खातंय. बाकीची तुझी वाट खातेय. माझी ओंजळ तेवढी तुझ्या डोळ्यांत खुपली, कारण ती समोर मोजावी लागते."

तिनं सारंग्यापुढे चंदीचं घमेलं ठेवलं आणि वडाच्या पारंबीला टांगलेली वंगणाची बांबूची नळी जिवाजीच्या हातात दिली. तो रडत रडत चाकांना वंगण घालू लागला.

सारंग्या जगला, पण पुन्हा त्यानं जुवाखाली मान घातली नाही. सगुणाला अंथरुणातून उठायला फार दिवस लागले. पोर ना सासरी जन्मलं ना माहेरी. बारशाला आत्यानं त्याच्या कानात चांगलं भारदस्त नाव सांगितलं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. वाटेत झाला म्हणून सगळे त्याला वाटू म्हणू लागले. कोंडाबाई अंगणातून "वाटू, ए वाटू!" अशी हाक मारायची, तेव्हा नातू धावत यायचा आणि जिवाजी खाली मान घालायचा.

पुढे जिवाजी सरळ वाटेनंच गाडी हाकायचा. त्याची चाकं ओरडायची नाहीत. समोरून कुणी विचारलं, "काय पाव्हणं, भरायला किती लागलं?" तर तो म्हणायचा, "ते विसरलो बघा. वेळेवर पोचलो, तेवढं ध्यानात आहे."

बोध असा: हातानं मोजून दिलेलं तेवढं डोळ्यांत खुपतं, पण खरा खर्च वाटेत सांडलेल्याचा असतो.