करकोच्याचं पीस आणि रंग नसलेलं औषध

एका राज्यावर मांत्रिकाचा शाप होता. ज्याचं ओंजळभर रक्त सांडे, तो तीन घटकांत मरे. असा एक जरी वाचला, तर शाप तुटणार होता. पण रक्त लाल म्हणून औषधही लालच, असा राजवैद्यांचा हट्ट. ते डाळिंबाचा रस पाजत आणि माणसं मरत.

त्या राज्यात मंजुघोषा नावाची तरुण सुईण होती. बाळंतिणींची पेज रांधताना मिठाला तिचा हात कधी चुकला नव्हता. एका सकाळी राणीला मुलगी झाली आणि रक्त वाहू लागलं. पोट चोळून मंजुघोषाने धार थांबवली, पण तोवर पाच ओंजळी गेल्या होत्या. ती तळ्याकडे धावली. तिथे बोलणारा करकोचा राही.

"करकोचेदादा, रिकाम्या शिरांत काय भरू?"

"तीन तऱ्हेच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकून बघ. घाई कर म्हणून तुला सांगायला नकोच."

तिने बोट टोचलं. तळ्याच्या पाण्यात थेंब टाकला. करकोच्याच्या तीक्ष्ण नजरेला थेंबातले लाल कण फुगून फुटताना दिसले. करकोच्याने झेपेसरशी समुद्राचं पाणी आणलं. त्यात ते मनुकांसारखे सुकले. मग तिने बोटावरचं रक्त चाखलं, पाणी उकळलं आणि नेमकं तेवढंच खारट केलं. ते निवताच त्यात थेंब टाकला. कण नाचू लागले.

"शिरेत घालायला माझं पोकळ पीस घे, पण तेही उकळ," करकोचा म्हणाला. "शेपटीचं सोड. माझं लग्न ठरलंय."

राजवैद्य दारात आडवे आले. "हे तर नुसतं पाणी! रंग कुठाय?"

"रंग राणीसाहेबांचं शरीर करील, आजोबा. सरका!"

"आणि चुकलीस तर?" राजाने विचारलं.

"राणीसाहेब जातील, महाराज. असेच उभे राहिलात तरी जातील. ही हंडी धरा. उंच! आणखी उंच!"

राजाला आजवर कोणी हुकूम दिला नव्हता. त्याने निमूट हंडी डोक्यावर धरली. पाणी हंडीतून तिच्या बुडाला जोडलेल्या, उकळून घेतलेल्या वेळूच्या नळीत, नळीतून पिसात, पिसातून शिरेत उतरलं. तिसरी घटका सरली. हरवलेली नाडी मंजुघोषाच्या बोटाखाली टकटकली.

"भूक लागलीय," राणी म्हणाली.

त्या क्षणी दूरच्या डोंगरावर मांत्रिकाचा जादूचा दंड दुभंगला. राजाने गावोगावी ते पाणी ठेवायची आज्ञा दिली.

दुसऱ्या दिवशी एका लाकूडतोड्याने स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड घातली, भळभळा रक्त सांडलं. जखम बांधून त्याला शिरेतून ते पाणी दिलं. चौथ्या घटकेला तो सगळ्या गावाला शिव्या देऊ लागला, आणि गावाने त्या शिव्यांवर गुलाल उधळला.