लाल गाडीतली डावी जागा

"पण अक्का, त्या डब्याला गाडी तरी कसं म्हणायचं?"

गिरजाक्का मठाच्या पायरीवर झेंडू ओवत होत्या. दसरा होता. अंगणात दोन गाड्या. एक नेत्राने नुकतीच घेतलेली पांढरी हॅचबॅक, तिच्या भाषेत डबा. दुसरी तिच्या वडिलांची जुनी लाल स्पोर्ट्स कार, दोन सीटची, बसकी, उघड्या टपाची.

बाबा गेल्यापासून लाल गाडी मठाच्या गोठ्यात असे. नेत्रा दर रविवारी अक्कांकडे ध्यान शिकायला येई. आधी गाडी सुरू करून बघे, मग ध्यान.

आज संध्याकाळी गाडी न्यायला गिऱ्हाईक येणार होतं. किल्ली तिने अक्कांच्या हवाली केली होती.

"डब्यात वाईट काय आहे?"

"काहीच नाही, तेच तर! एसी आहे, मागे तिघं बसतात. पट्टा लावला नाही की ओरडते, रिव्हर्स घेतला की ओरडते. लाल मात्र... बोलते, अक्का. घाटात बाबा म्हणायचे, ऐक, आता ती तिसरा गिअर मागतेय. मी डोळे मिटून ओळखायचे."

"बसायचीस कुठे?"

"बाबांच्या शेजारी. डावीकडे. कॉलेज संपेपर्यंत."

"आणि वहिनी?"

नेत्राने हॅचबॅककडे पाहिलं. मागच्या सीटवर आई, मांडीवर पूजेचं ताट.

"आई घरीच असायची. तिला आवड नव्हती."

"असं म्हणाल्या त्या?"

नेत्राने अक्कांच्या मांडीवरचा हार सरळ केला.

हार एकच होता. नेत्रानेच तसं सांगितलं होतं, फक्त लालसाठी. अक्कांनी तो नेऊन आईच्या हातात दिला.

"वहिनी, आवडेल त्या गाडीला घाला."

आई गुडघा धरून उतरली. पांढऱ्या गाडीवरून हात फिरवला. "छान आहे गं," म्हणाली. मग लाल गाडीच्या डाव्या दाराशी जाऊन थांबली. हार हातातच.

"घराच्या फाटकापर्यंत यायचे मी. वळणापर्यंत दिसायचात तुम्ही. मग नुसता आवाज... तो बराच वेळ यायचा."

नेत्राने लाल गाडीचं डावं दार उघडलं.

"आई... बसायचंय?"

"वेडी का काय! तिथे जागा कुठे असते?"

दोन्ही सीट रिकाम्या होत्या.

नेत्राने एका बाजूने धरलं, अक्कांनी दुसऱ्या. आई हळूहळू त्या खोल सीटमध्ये उतरली. समोरची काच पदराने पुसली. मग एकदम वाकून हॉर्न दाबला.

नेत्रा दचकून मागे सरली. आई तोंडाला पदर लावून हसत होती. डोळे मात्र मठासमोरच्या वळणाकडे.

मग गुडघ्याची आठवण झाली.

"अगंबाई! आता इथून उठायचं कसं?"

नेत्राने घाईने हात पुढे केला. अक्कांनी त्यावर कनवटीची किल्ली ठेवली.

"उठायचं कोणाला आहे, वहिनी?"