उथळ पाण्याची हाक

माणसांनी नदीवर पूल बांधायच्या कितीतरी आधीची गोष्ट. गोट्यांवरून वाहणाऱ्या उथळ पाण्याला शेजारचा डोह रोज टोमणा मारी, "अंगात पाणी घोटाभर, आणि खळखळाट केवढा!" उथळ पाणी बिचारं ओशाळून जाई, पण गप्प बसणं त्याला काही जमत नसे.

एका उन्हाळ्यात रानात वणवा पेटला. धुरात हाताच्या अंतरावरचं दिसेना. उथळ पाणी भेदरून खळखळत राहिलं. तेवढ्यात त्या आवाजाच्या रोखाने एक हरणी पाडसाला पुढे घालून धावत आली आणि दोघं पाण्यातून चालत पैलतीराला लागली.

पाडसानं विचारलं, "आई, हे पाणी एवढं का गं ओरडतं?"

हरणीनं वळून आधी त्या पाण्याला तोंड लावलं. मग म्हणाली, "ओरडत नाही रे सोन्या. ज्यांना पोहता येत नाही, त्यांना हाका मारतं."