आवडीबायचं खारं पाणी

फार वर्षांपूर्वी, खाडीकाठच्या खारवाडीत आवडी नावाची म्हातारी होऊन गेली. तेव्हा गावात एक चाल होती. देवीच्या शेतातलं मूठभर भात घरोघर वाटायचं, ते आपल्या बियाण्यात मिसळायचं आणि मगच पेरायचं.

एका साली देवीच्या तरव्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, काही रोपं इतरांपेक्षा वीतभर उंच वाढली, पिवळट नि सडपातळ. "देवीनं मान वर काढली!" म्हणत गावानं त्यांना हळदकुंकू वाहिलं. हुरळली मेंढी, लागली लांडग्यापाठी! रोपांच्या बुडाशी पांढरी बुरशी चढली आणि ती उभी वाळली. त्यांच्या शेजारचं भात मात्र हाती आलं, आणि त्याचीच मूठ घरोघर गेली.

पुढे ती उंच रोपं शेताशेतांत दिसू लागली. वाऱ्यानं ती हलली की माणसं दारं लावून घेत, असं म्हणतात. ती तशीच वाळत, पीक बुडे. कणग्या रित्या झाल्या. शेवटी प्रत्येक घरी पेरण्यापुरतं भात उरलं. तेही वाया गेलं असतं तर गाव ओस पडलं असतं.

गुरव मूठ घेऊन आवडीच्या दारी आला.

"घे बाये. देवीचा कोप नको ओढवून घेऊस."

ती मूठ पडते तिथंच उंच रोपं येतात, हे आवडीनं हेरलं होतं. मूठ नाकारावी तर देवीची भीती, मिसळावी तर नातवंडं उपाशी. तिनं मूठ घेतली. घंगाळातल्या पाण्यात मीठ घालत गेली, अंडं तरंगेपर्यंत, आणि त्या पाण्यात देवीचं भात सोडलं. असं म्हणतात, एकही दाणा बुडाला नाही. सगळे वर आले, पोचट, गुलाबट डागांचे, आणि पाणी हुंदका दिल्यासारखं हललं.

मग तिनं आपलं बियाणं सोडलं. निम्मं तरंगलं. तरंगलेलं सगळं तिनं रडत रडत जाळलं, देवीचंही. तळाचं गोड्या पाण्यानं धुऊन घेतलं.

धूर दिसताच गाव काठ्या घेऊन धावलं.

"कोपली तर माज्यावर कोपू दे," आवडी म्हणाली, "पन पोरांचा घास ती कशी काढल?"

तेवढ्यात धुरातून माडाएवढी, पिवळट, सडपातळ आकृती उठली. तिनं वाकून एकेका घरात डोकावलं आणि खाडीकडे निघून गेली, असं म्हणतात. काठ्या गळून पडल्या.

त्या साली एकट्या आवडीचं शेत एकसारखं उगवलं. त्यातलंच बियाणं तिनं गावाला दिलं.

अजूनही खारवाडीत पेरणीआधी घरोघर आवडीबायच्या नावानं खारं पाणी करतात. त्यात पहिली मूठ देवीचीच पडते. ती तळाला बसेपर्यंत घरात कुणी श्वास सोडत नाही.