शिसवाची पाचर

एका सुतारशाळेत एकदा असे काही घडले, की सांगितल्यावाचून राहवत नाही. सर्वांचे लाडके भिवा गुरुजी वर्षापूर्वी निवर्तले होते आणि त्यांच्या स्मृतीची पहिली शिष्यवृत्ती त्या दिवशी जाहीर व्हायची होती. परीक्षक होते गुरुजींचे सर्वांत पहिले शिष्य, आता ऐंशीच्या घरातले वृद्ध मिस्त्री. सकाळपासून नुसती धांदल उडाली होती!

अकरा विद्यार्थ्यांनी अकरा सागवानी स्टुले मांडली. दहा अगदी आरशासारखी लखलखीत. अकरावे रेवतीचे. पाय बसवायचे छिद्र जरा मोठे पडले, म्हणून तिने फटीत शिसवाची पाचर ठोकली होती. पिवळसर सागात ती काळी पाचर लांबूनही दिसत होती. शिष्यवृत्ती हुकली, तर रेवतीचे शिक्षण तिथेच थांबणार होते.

"अगं, सरसात भुसा कालवून फट बुजवायचीस ना! आम्ही सगळ्यांनी तेच केलंय," शेजारचा कुजबुजला.

मिस्त्रींनी एकाही स्टुलाला हात लावला नाही. त्यांनी पाण्याच्या घागरी मागवल्या आणि सगळ्या स्टुलांवर खुशाल ओतल्या! थोड्या वेळाने दहा स्टुलांच्या सांध्यांतून भुशाचा लगदा ओघळू लागला. रेवतीची पाचर मात्र फुगून अधिकच घट्ट बसली.

"शिष्यवृत्ती या पोरीची!" मिस्त्री आनंदाने ओरडले. मग त्यांचा आवाज खाली आला. "गुरुजी लंगडत चालायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे. का, ते कुणालाच ठाऊक नाही. माझ्या पहिल्या स्टुलाची फट मी भुशानं बुजवली होती. गुरुजी कौतुकानं त्यावर बसले आणि कोसळले. जन्मभर त्यांनी माझं नाव कुणाला सांगितलं नाही. आज मी सांगतो. चूक प्रत्येक सुताराच्या हातून होते, बाळांनो. ती उघडी ठेवली तर दुरुस्त करता येते. झाकली, तर विश्वासानं बसणारा पडतो."

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की पत्रे हादरले. रेवतीने डोळे पुसत वळून पाहिले. बाकीचे दहाही जण आपापली ओली स्टुले उचलून कार्यशाळेकडे पळत सुटले होते.

उरलेला शिसवाचा तुकडा घेऊन तीही त्यांच्यामागे धावली.